फॉर्म्युला वनचा हंगामी पास : दारव्ह्याकडच्या एका गटसचिवाचे परीक्षण

२०२५ च्या मार्चमध्ये मी फॉर्म्युला वनच्या शर्यती थेट दाखवणाऱ्या एका ॲपचा पूर्ण हंगामाचा पास विकत घेतला आणि डिसेंबरमधल्या अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीपर्यंत तो यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी वापरला. ॲपचे नाव देण्याचे टाळतो, कारण असा पास खेड्यात बसून घ्यावा की नाही, हा प्रश्न नावापेक्षा मोठा आहे.

मी सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव आहे. किर्द, खतावणी, तेरीज आणि दरसाल होणारे लेखापरीक्षण यांत माझी बावीस वर्षे गेली आहेत. या खेळाकडे मला वेगाने ओढले नाही. २०२१ पासून तेथे लागू झालेल्या खर्चमर्यादेने ओढले. जगातल्या अत्यंत खर्चिक खेळांपैकी एकाने आपल्या संघांना वर्षाचा खर्च एका आकड्यात बसवायला लावावा, त्यांची हिशेबाची कागदपत्रे मागवून तपासावीत आणि आकडा ओलांडणाऱ्याला शिक्षा करावी, ही गोष्ट मला शेवटच्या फेरीतल्या चढाओढीइतकीच थरारक वाटते. त्यामुळे ज्याला शर्यतीमागचा पैसा समजून घ्यायचा आहे त्याला हा पास नेमके काय देतो, एवढेच मी वर्षभर तपासत राहिलो.

किमतीबद्दल तक्रार नाही. माझ्या फोनच्या तीन महिन्यांच्या रिचार्जपेक्षा थोड्या अधिक रकमेत चोवीस शर्यती, त्यांचे सराव, पात्रता फेऱ्या आणि मागच्या काही हंगामांच्या संपूर्ण शर्यतींचा संग्रह मिळतो. खरा खर्च डेटाचा आहे. माझ्याकडे रोजचा दोन जीबीचा पॅक आहे आणि सर्वांत चांगल्या दर्जाचे चित्र ठेवले तर अर्धी शर्यत होण्याआधीच तो संपतो. मध्यम दर्जावर शर्यत पूर्ण बसते, पण त्या चित्रात गाडीच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी केलेला बदल ओळखू येत नाही, आणि खर्चमर्यादेच्या काळात पाहायचा असतो तो नेमका तोच बदल. शुक्रवारचा सराव मी कमी दर्जात पाहत असे, शनिवारची पात्रता फेरी सोडून देत असे, आणि रविवारी बायकोच्या फोनचा डेटाही वापरत असे. पैसे भरतानाही एक अडचण आली. रक्कम खात्यातून गेली, पास मात्र सुरू झाला नाही, आणि पाचव्या दिवशी तो सुरू होईपर्यंत मी रोज एक तक्रार लिहिली. तक्रारींना आलेली उत्तरे सौजन्याची होती, पण सगळी एकाच साच्यातली.

पहिली शर्यत १६ मार्च २०२५ रोजी मेलबर्नला झाली. आपल्याकडे तेव्हा रविवारचे सकाळचे साडेनऊ वाजले होते. सोसायटीत पीककर्जाच्या वसुलीची धावपळ चालू होती, ३१ मार्च तोंडावर होता, पण तेवढे दोन तास मी राखून ठेवले होते. तिकडे पाऊस पडत होता. इझाक हाजार तर शर्यत सुरू होण्याआधीच्या फेरीतच गाडी आदळून बाहेर पडला, आणि शेवटपर्यंत वीसपैकी सहा गाड्या अशाच बाद झाल्या. माझा पुतण्या शेजारी बसला होता. त्याने विचारले, "काका, एवढा पैसा हाये त्याईच्याकडं, तं मंग लगेच दुसरी गाडी काऊन नाई काढत?"

या एका प्रश्नाच्या उत्तरात खर्चमर्यादेचे निम्मे मर्म आहे. पूर्वी मोठ्या संघाला मोडलेल्या गाडीचा खर्च म्हणजे केवळ आणखी एक बिल होते. आता तो सगळा खर्च मर्यादेच्या आत धरला जातो, म्हणून भिंतीवर आदळलेला पंख, फुटलेला तळ आणि वाकलेले सस्पेन्शन यांचा पैसा त्याच रकमेतून जातो ज्यातून पुढच्या महिन्यातले सुधारित भाग बनायचे असतात. मार्चमध्ये मोडलेल्या गाडीची किंमत संघ जुलैत नव्या भागाविना मोजतो. २०२१ साली इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला मॅक्स व्हर्स्टॅपनची गाडी फार वेगात भिंतीवर आदळली, तेव्हा रेड बुल संघाने नुकसानीचा आकडा सुमारे १८ लाख डॉलर सांगितला होता. ॲपने मेलबर्नचे अपघात प्रत्येकी तीन-चार बाजूंनी, संथ गतीने, उत्तम दाखवले. समालोचकांनी ओल्या रस्त्याबद्दल आणि टायरबद्दल बारकाईने सांगितले. या दुरुस्त्यांचा भार कोणत्या संघाला किती जड जाईल, याबद्दल मात्र दोन तासांत एक वाक्यही आले नाही. त्या संध्याकाळी पुतण्याने सोसायटीच्या जुन्या वहीत रकाने आखले : तारीख, संघ, चालक, काय मोडले, नवे काय आले. पुढचे वर्षभर ती वही आमच्या पासचा अर्धा भाग होऊन राहिली.

ज्यांना आकडे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आधी ठरलेली मर्यादा १७५ दशलक्ष डॉलरची होती. २०२० मध्ये कोरोनामुळे शर्यती थांबल्या आणि सगळ्यांच्याच उत्पन्नावर घाला आला, तेव्हा ती खाली आणून २०२१ साठी १४५, २०२२ साठी १४० आणि २०२३ ते २०२५ साठी १३५ दशलक्ष डॉलर करण्यात आली. शेवटचा आकडा रुपयांत अकराशे कोटींच्या पुढे जातो, आणि महागाई व वाढलेल्या शर्यती यांची भर त्यावर निराळी. यात गाडीची रचना, उत्पादन, चाचण्या आणि बहुतेक कर्मचाऱ्यांचे पगार येतात. चालकांचे मानधन, सर्वाधिक पगाराच्या तीन व्यक्ती, जाहिरात आणि प्रवास हे बाहेर राहतात. इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांना २०२३ पासून वेगळी मर्यादा आहे.

त्या तीन व्यक्तींची सूट मला पटत नाही. ज्याच्या डोक्यातून विजेती गाडी निघते असा आरेखक बहुधा याच तिघांत असतो, म्हणजे खर्चातली सर्वांत निर्णायक बाबच मोजमापातून सुटते आणि श्रीमंत संघाला आपला पैसा ओतायला एक दार उघडे राहते. चालकांच्या मानधनाबाबत निदान असे म्हणता येते की ते प्रेक्षकांना दिसते आणि त्यावर चर्चा होते.

पासमधला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे जुन्या शर्यतींचा संग्रह. माझ्यासारख्या माणसाने थेट प्रक्षेपणापेक्षा त्यासाठीच पैसे द्यावेत, असे मी म्हणेन. उन्हाळ्यात रात्री शेजारच्या घरांतले दिवे मालवल्यावर मी १२ डिसेंबर २०२१ ची अबू धाबीची शर्यत पुन्हा पाहिली. तिच्या शेवटच्या फेरीत व्हर्स्टॅपनने लुईस हॅमिल्टनला मागे टाकून विजेतेपद मिळवले. त्या फेरीवर आजवर पुष्कळ वाद झाला आहे. मला मात्र ती पाहताना हिशेबाची तारीख आठवत होती. संघांचे आर्थिक वर्ष डिसेंबरला संपते आणि कागदपत्रे पुढच्या ३१ मार्चपर्यंत एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेकडे द्यावी लागतात. आमची वसुली आणि त्यांचे ताळेबंद एकाच तारखेला अडकलेले आहेत, हे वाचले तेव्हा मला या खेळाबद्दल एकदम जवळीक वाटली होती. विल्यम्स संघाची ती कागदपत्रे २०२२ मध्ये वेळेत पोहोचली नाहीत आणि त्याला २५,००० डॉलरचा दंड झाला.

रेड बुलचे प्रकरण अधिक गंभीर होते. २०२१ च्या विजेत्या वर्षात त्या संघाने मर्यादेपेक्षा १८,६४,००० पौंड, म्हणजे १.६ टक्के अधिक खर्च केल्याचे तपासणीत निघाले. कराच्या सवलतीची एक नोंद योग्य रीतीने झाली असती तर जादा खर्च ४,३२,६५२ पौंड, म्हणजे ०.३७ टक्केच ठरला असता, असे एफआयएनेच मान्य केले. वगळलेल्या बाबींत कर्मचाऱ्यांच्या खानपानाचा खर्चही होता. ज्याने लेखापरीक्षकासमोर व्हाउचरांची फाइल उघडून तासन्‌तास काढले आहेत, त्याला हे लगेच कळते की अशा चुका नेहमी चोरीच्या नसतात; कोणता खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा याच्या त्या असतात, आणि तरीही त्यांचा परिणाम खराच असतो. निकाल २८ ऑक्टोबर २०२२ ला लागला, म्हणजे विजेतेपदाला साडेदहा महिने उलटून गेल्यावर. शिक्षा झाली ७० लाख डॉलरचा दंड आणि बारा महिने हवेच्या प्रवाहाच्या चाचण्यांत दहा टक्के कपात. दंडाची रक्कम मर्यादेच्या आकड्यात धरली गेली नाही, त्यामुळे गाडीवरच्या खर्चाला तिची झळ लागली नाही. कपात तेवढी खरी शिक्षा होती. तरीही २०२३ मध्ये त्या संघाने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. माझे मत स्पष्ट आहे : जादा खर्चाची रक्कम पुढच्या वर्षाच्या मर्यादेतून, दुपटीने का होईना, वजा करायला हवी होती. थकबाकी पुढच्या कर्जातून वळती होते, हे आमच्याकडच्या कोणत्याही कास्तकाराला समजावून सांगावे लागत नाही.

संग्रहात शुक्रवारचे सरावही आहेत, हे मला फार उशिरा सापडले, कारण ते एका बाजूच्या यादीत दडवल्यासारखे ठेवले आहेत. त्यांत २०२४ च्या मेलबर्नचा पहिला सराव जरूर पाहावा. विल्यम्सचा ॲलेक्स अल्बन भिंतीवर आदळला, गाडीची मुख्य चौकट त्या ठिकाणी दुरुस्त होण्यासारखी राहिली नाही, आणि संघाकडे तिसरी चौकट तयारच नव्हती. शेवटी लोगन सार्जंट या दुसऱ्या चालकाला, त्याची काहीही चूक नसताना, बाजूला बसवून त्याची गाडी अल्बनला देण्यात आली. अल्बन अकरावा आला आणि संघाला गुण मिळाला नाही. त्याच काळात संघाचे प्रमुख जेम्स व्हाउल्स यांनी सांगितले होते की गाडीच्या सुमारे २०,००० भागांचा हिशेब संघ एक्सेलच्या एका तक्त्यात ठेवत असे. कोणता भाग कोठे आहे, किती दिवसांत येईल, किती किमतीचा आहे, हे त्या तक्त्यातून निघत नव्हते. म्हणजे खर्चाला कमाल आकडा लावला की सगळे सारखे होतात, असे नाही; ज्याची वखार आणि नोंदवही नीट आहे त्याला तोच आकडा जास्त पुरतो. पुतण्याला मी हा सराव दोनदा दाखवला.

एक गोष्ट संग्रहात शोधताना मन भरून आले. फोर्स इंडिया हा भारतीय मालकीचा संघ २०१६ आणि २०१७ मध्ये चौथा आला होता, तोही आपल्याहून कितीतरी श्रीमंत संघांना मागे टाकून. २०१८ च्या जुलैमध्ये तोच संघ देणी न फिटल्यामुळे प्रशासकाच्या हाती गेला. कॅनडाच्या लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने तो घेतला, चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांचे काम वाचले, आणि आज तो ॲस्टन मार्टिन या नावाने धावतो. त्याआधी, २००९ साली एफआयएचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी खर्चाला चार कोटी पौंडांची मर्यादा सुचवली होती. मोठ्या संघांनी वेगळी मालिका काढण्याची धमकी दिली, मर्यादा बारगळली, आणि तिच्या भरवशावर आलेले तीनही नवे संघ जानेवारी २०१७ पर्यंत एकामागून एक बंद पडले. करुण चंधोक आणि नारायण कार्तिकेयन हे आपले दोघेही त्यांतल्याच एचआरटी संघाकडून धावले होते. खर्चमर्यादा बारा वर्षे आधी आली असती, तर यांतले एखादे तरी दार उघडे राहिले असते, असे मला मनापासून वाटते.

थेट प्रक्षेपणातली एक उत्तम सोय म्हणजे प्रत्येक गाडीवरचा कॅमेरा स्वतंत्रपणे निवडता येणे. ६ जुलै २०२५ च्या सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत तिचे खरे मोल कळले. आमच्याकडे पेरण्या आटोपल्या होत्या, पाऊस लागला होता, संध्याकाळी साडेसातला शर्यत सुरू झाली आणि थोड्याच वेळात डीपीवर काहीतरी बिघडून गाव अंधारात गेले. फोनची बॅटरी आणि टॉवरचा एक दांडा एवढ्यावर मी सॉबर संघाच्या निको हुल्केनबर्गचा कॅमेरा लावून बसलो. तो एकोणिसाव्या जागेवरून निघाला आणि तिसरा आला. २३९ शर्यतींनंतर पहिल्यांदा तो विजेत्यांच्या मंचावर चढला. सॉबर २०२४ मध्ये शेवटच्या, दहाव्या क्रमांकावर होता. नियम असा आहे की विजेत्या संघाला विंड टनेलच्या, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या, चाचण्यांचा सर्वांत कमी, मूळ वाट्याच्या ७० टक्के, आणि दहाव्या संघाला सर्वांत जास्त, ११५ टक्के वाटा मिळतो, आणि तो वर्षाच्या मध्याला तोवरच्या क्रमवारीनुसार पुन्हा ठरतो. हुल्केनबर्गच्या त्या तिसऱ्या क्रमांकात पावसाचा आणि त्याच्या अनुभवाचा वाटा मोठा होता, हे मान्य केले पाहिजे; पण स्पेनपासून त्या गाडीवर आलेले नवे भाग आमच्या वहीत नोंदलेले होते, आणि कमजोराला अधिक चाचण्या देणारा हा नियम कागदावर राहिलेला नाही, हे त्या संध्याकाळी मी अंधारात डोळ्यांनी पाहिले. मुख्य चित्रात हुल्केनबर्ग फार वेळ दिसलाच नाही. कॅमेरा निवडण्याची सोय नसती, तर मला ही शर्यत कळलीच नसती.

मॅक्लॅरेन या ब्रिटिश संघाची कहाणी या पासवर तुकड्यातुकड्यांनी दिसते, आणि ती सलग मांडण्याचे काम प्रेक्षकावर पडते. २०२० मध्ये त्या उद्योगसमूहाने १,२०० जणांना कामावरून कमी करण्याचे जाहीर केले, बहारीनच्या बँकेकडून १५ कोटी पौंडांचे कर्ज काढले, आणि २०२१ मध्ये वोकिंगची आपली मुख्य इमारत १७ कोटी पौंडांना विकून तीच भाड्याने घेतली. त्याच संघाने २०२४ मध्ये, १९९८ नंतर प्रथमच, संघांचे विजेतेपद मिळवले आणि २०२५ मध्ये ते राखले. जुन्या व्यवस्थेत, जेथे मोठे संघ वाटेल तितका खर्च करू शकत होते, असा संघ पुन्हा उभा राहणे मला फार अवघड दिसते.

आता उणिवा. समालोचन इंग्रजीत आहे, मराठीत नाही. हे समजण्यासारखे आहे, तरी खाली मराठी ओळी देता आल्या असत्या. त्याहून मोठी उणीव अशी की पैशाची माहिती कोठेच नाही. २०२२ पासून प्रत्येक संघाला शर्यतीच्या आठवड्यात गाडीवर कोणते नवे भाग आणले ते एफआयएला लिहून द्यावे लागते आणि तो कागद सर्वांसाठी प्रसिद्ध होतो. ॲपने तो कागद त्या त्या शर्यतीच्या पानावर ठेवला असता, तर आमच्या वहीचा अर्धा भाग आयता भरला असता. यासाठी तांत्रिक अडचण काहीही नाही. कोणत्या चालकाने हंगामातले कितवे इंजिन बसवले, हेही वेळांच्या तक्त्याशेजारी देता येण्यासारखे आहे. एकाच शर्यतीच्या शनिवार-रविवारसाठी एकच इंजिन ही अट २००४ मध्ये आली, ती वाढत वाढत आता पूर्ण हंगामासाठी मोजक्या इंजिनांवर आली आहे, आणि संख्या ओलांडली की चालक मागच्या जागेवरून सुरुवात करतो. प्रेक्षकाला शिक्षा दिसते, तिच्यामागची काटकसर दिसत नाही.

आमच्या भागात हे सांगणे अवघड नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट ज्याने पाहिला आहे, त्याला ठाऊक असते की सेकंदाच्या अंशात निकाल लावणाऱ्या त्या दौडीमागे वर्षभराचा खुराक, जोडीची निगा आणि घरातला पैसा उभा असतो. बैलजोडी सुटण्याआधी पटावर उभे असलेले लोक मालकाच्या ऐपतीचीच चर्चा करत असतात. तोच प्रेक्षक फॉर्म्युला वनला कंटाळतो, कारण त्याला गाड्यांमागची ऐपत कोणी दाखवत नाही.

ज्याला केवळ रविवारची शर्यत पाहायची आहे त्याने वर्षाचा पास घेण्याऐवजी निवडक शर्यतींचे पैसे भरावेत. अमेरिका खंडातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे रात्री उशिरा किंवा मध्यरात्रीनंतर होतात, आणि वेचणीच्या दिवसांत तेवढे जागरण झेपत नाही. ज्याला हा खेळ हिशेबासह वाचायचा आहे त्याने मात्र पूर्ण पास घ्यावा, संग्रहासाठी आणि गाडीवरच्या कॅमेऱ्यांसाठी, आणि सोबत स्वतःची वही ठेवावी.

मी नव्या हंगामाचाही पास घेतला आहे. २०२६ पासून मर्यादेचा आकडा २१५ दशलक्ष डॉलर झाला आहे. पूर्वी बाहेर असलेल्या काही बाबी आत घेतल्यामुळे तो मोठा दिसतो, म्हणून जुन्या १३५ शी त्याची सरळ तुलना करता येत नाही. कॅडिलॅक हा अकरावा संघही आला आहे. २०२६ ची पहिली शर्यत ८ मार्चच्या रविवारी मेलबर्नला. पुतण्याने वहीत अकराव्या संघासाठी जागा करून ठेवली आहे, आणि यंदा 'काय मोडले' याच्या पुढे 'अंदाजे किती पैसे' असा आणखी एक रकाना त्याने स्वतःहून जोडला आहे.